रात्रीचे पाणी आणि झोपेचे देणे

राजूरहून पश्चिमेकडे निघून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने सह्याद्रीच्या धारेपर्यंत गेले की घाटघर लागते. कड्याच्या माथ्यावर एक धरण, कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे दुसरे, आणि दोहोंच्या मध्ये डोंगराच्या पोटात २५० मेगावॉट क्षमतेचे वीजघर, अशी तेथील उदंचन जलविद्युत प्रकल्पाची रचना आहे. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी चारशे मीटरहून अधिक खोल सोडून वीज निर्माण करायची, आणि रात्री मागणी ओसरली की शिल्लक विजेच्या बळावर तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, या हेतूने हा प्रकल्प आखला गेला. रात्रीची वीज वाया जाऊ नये म्हणून यंत्राला रात्रपाळी लावण्याची ही युक्ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्दोष आहे, कारण यंत्राला दिवस काय आणि रात्र काय, दोन्ही सारखेच. परंतु याच हिशेबाने, याच प्रवरेच्या खोऱ्यात, गेली कित्येक वर्षे माणसांनाही रात्रपाळी लावली गेली आहे. आणि माणसाला दिवस व रात्र सारखे नसतात, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेही मांडलेली नाही.

महाराष्ट्रात शेतीपंपांना तीन फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. आठवड्यातील काही दिवस ती दिवसा आठ तास येते, उरलेल्या दिवशी रात्री आठ ते दहा तास. राजूरच्या वरच्या अंगाला, जेथे पावसाळ्यात आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते, तेथे भाताचे एक पीक घेऊन लोक मोकळे होतात. रात्रीच्या विजेचा प्रश्न तेथे तितकासा जाणवत नाही. तेथील अनेक आदिवासी कुटुंबे सुगी आटोपल्यावर मजुरीसाठी खाली उतरतात. खाली अकोल्याकडे, पुढे संगमनेरकडे प्रवरेचे खोरे रुंदावत जाते आणि ऊस, कांदा, टोमॅटो, भाजीपाला यांचे वाफे सुरू होतात. या वाफ्यांना पाणी कधी मिळणार, हे पिकाची तहान ठरवीत नाही आणि शेतकऱ्याची सवडही ठरवीत नाही. ते रोहित्रामागच्या वाहिनीचे वेळापत्रक ठरवते. रात्री बाराला वीज आली तर बाराला उठायचे, बॅटरी आणि काठी घ्यायची, विहिरीवर जाऊन मोटर सुरू करायची आणि पहाटेपर्यंत चिखलात उभे राहून दारे धरायची. चारच दिवसांनी हेच काम पुन्हा भर उन्हात करायचे.

या जागरणाकडे समाज ज्या नजरेने पाहतो ती नजर मुळात तपासली पाहिजे. झोप ही आपल्याकडे फार काळ नीतीची बाब मानली गेली. जो कमी झोपतो तो उद्योगी आणि जो झोपतो तो आळशी, ही समजूत घराघरांत रुजलेली आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. त्यात झोपलेल्यांच्या नाना तऱ्हांचे मोठे मिस्कील चित्र आहे. ते वाचून हसू येते, आणि उठून कामाला लागण्याची प्रेरणाही मिळते. हा उपदेश सुस्त माणसासाठी योग्यच होता. पण चरकाने शरीराचे तीन आधारस्तंभ सांगितले त्यांत आहाराच्या शेजारी निद्रेला बसवले, हा आपल्या परंपरेचा दुसरा धागा आहे आणि तो आपण सोयीस्कर रीतीने विसरलो. दिवसा झोपू नये असे सांगणाऱ्या त्याच चरकाने रात्री जागलेल्याला, ओझे वाहिलेल्याला, चालून थकलेल्याला दिवसाच्या झोपेची मुभा दिली आहे. गावात मात्र रात्रभर पाणी भरून दुपारी लिंबाखाली आडवा झालेला शेतकरी दिसला की येणारा-जाणारा टोमणा मारूनच पुढे जातो.

झोप ही नीतीची नव्हे, शरीराच्या घड्याळाची बाब आहे, हे विज्ञानाला कळायलाही बराच काळ लागला. फ्रेंच ज्योतिर्विद द मेराँ याने १७२९ साली लाजाळूसारखे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे वेळ झाडाच्या आत होती. माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडले. मिशेल सिफ्र हा तरुण भूशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळ न घेता आल्प्समधील एका भुयारात दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला वर काढले तेव्हा त्याच्या नोंदवहीत २० ऑगस्ट चालू होता. दिवस मोजण्यात त्याचे मन पंचवीस दिवसांनी चुकले, पण त्याचे शरीर फारसे चुकले नव्हते. त्याच्या झोपण्या-जागण्याचे चक्र चोवीस तासांहून किंचित मोठे, पण नियमित चालू होते. पुढे जर्मनीत आशॉफ आणि वेव्हर यांनी जमिनीखालच्या खोल्यांत अनेक लोकांना ठेवून हाच निष्कर्ष पक्का केला. या आंतरिक घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी माणसावर नव्हे, फळमाशीवर काम केले होते. कारण ही यंत्रणा इतकी जुनी आहे की माशी आणि माणूस दोघांनीही ती आपल्या पूर्वजांकडून घेतली आहे. मृगाच्या सुमारास राजूरजवळच्या पुरुषवाडीला काजवे पाहायला शहरांतून गर्दी लोटते. त्या काजव्यालाही आपली वेळ कोणी सांगावी लागत नाही. त्याची वेळ मोडण्यासाठी मोटारीचा दिवा मात्र पुरतो.

माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या थोडे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. हेच ते मुख्य घड्याळ. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे येऊन त्याला रोज जुळवून घेतो. संध्याकाळ झाली की त्याच्या सूचनेनुसार मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात वाढू लागते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते. स्विस संशोधक बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले सूत्र आजही ग्राह्य धरले जाते. झोपेला दोन शक्ती खेचत असतात: जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साचत जाणारा झोपेचा ताण ही एक, आणि त्याच्याशी स्वतंत्रपणे चालणारे हे घड्याळ ही दुसरी. दोन्ही एकाच दिशेने खेचतात तेव्हा माणूस गाढ झोपतो. रात्रभर जागून सकाळी नऊला अंथरुणावर पडणाऱ्याला ताण झोपेकडे ओढतो आणि घड्याळ उठवू पाहते. त्याची झोप म्हणूनच तुटक होते. घरातला गलका, उकाडा, माश्या ही कारणे असतातच, पण ती सारी दूर केली तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

आणि झोप म्हणजे सर्व वेळ सारखीच असणारी एक बेशुद्धी नव्हे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या केल्या आणि त्यांपलीकडे चौथी सांगितली. चौथीविषयी प्रयोगशाळेला काही बोलता येत नाही. पहिल्या तिन्हींचा भेद मात्र मेंदूच्या विद्युत्-आलेखात स्पष्ट उमटतो. शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की झोपेत ठरावीक अंतराने डोळ्यांची बुबुळे मिटल्या पापण्यांआड वेगाने हलू लागतात आणि त्या काळात जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. सुमारे दीड तासाचे असे एक आवर्तन, आणि रात्रीत अशी चार-पाच आवर्तने. सुषुप्तीचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो आणि स्वप्नाचा वाटा पहाटेकडे वाढत जातो. शिकलेले पक्के करणे, मनाला लागलेल्या घटनांची धार कमी करणे अशी कामे या निरनिराळ्या अवस्थांशी जोडलेली आहेत. साडेनऊला झोपून बाराला उठणाऱ्या शेतकऱ्याची सुषुप्ती अर्धीमुर्धी होते, पण त्याची पहाट रोजच्या रोज कापली जाते. चिडचिड, विसर, छोट्या गोष्टीवरून उसळणारा राग या तक्रारी घरची माणसे करतात तेव्हा स्वभावाला दोष दिला जातो. तो दोष पुष्कळदा वेळापत्रकाचा असतो.

याहून धोक्याची अवस्था आणखी वेगळी आहे. गाढ सुषुप्तीतून एकाएकी उठवलेला माणूस उभा राहतो, चालतो, विचारले तर उत्तरही देतो. पण त्याचा मेंदू पुरता जागा झालेला नसतो. ही गुंगी काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकू शकते. ना झोप ना जाग अशा या संधिकाळात शेतकरी काय करतो? ओल्या पायांनी विहिरीच्या काठावरून जातो, उघड्या पेटीतील फ्यूज चाचपतो, स्टार्टरला हात लावतो. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांच्या समन्वयाचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढासळते, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. पहाटे पाचला उठून गोठा पाहिलेला आणि दिवसभर राबलेला माणूस रात्री दहानंतर पाण्यावर उभा असतो, तेव्हा तो या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याने मद्याचा थेंबही घेतलेला नसतो. शॉक लागून किंवा विहिरीत पडून शेतकरी दगावल्याच्या बातमीत ‘तोल जाऊन’, ‘अनवधानाने’ असे शब्द येतात. ते अनवधान कोठून आले, याची चौकशी पंचनाम्यात नसते.

अकोले तालुक्याच्या बाबतीत या प्रश्नाला एक विशेष पदर आहे, आणि तो वन्यजीवशास्त्राने उलगडला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, मोठे वन्य भक्ष्य नाही, माणसांची दाट वस्ती आहे, अशा या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे राहतात, असे त्यात दिसून आले. कुत्री आणि गुरे यांवर ते गुजराण करतात. बिबट्यांच्या गळ्यात पट्टे बांधून केलेल्या पुढच्या अभ्यासाने यामागचे रहस्य सांगितले. दिवसा हा प्राणी उसात किंवा झुडपांत पडून असतो आणि रात्री, माणसे घरात गेल्यावर, घरांच्या अगदी जवळून फिरतो. म्हणजे एकाच जमिनीचे दोन कुळांत वाटप झालेले आहे. हे वाटप बांध घालून झालेले नाही, ते वेळेचे आहे. दिवस माणसाचा, रात्र बिबट्याची. दोघांच्याही शरीरातील घड्याळांनी घडवून आणलेला हा अलिखित करार रात्रीच्या विजेने मोडला. वीज मंडळाच्या पत्रकाने माणसाला त्याच्या नसलेल्या वेळेत, वाकलेल्या स्थितीत, उसाच्या फडाच्या कडेला नेऊन उभे केले. बिबट्याचा बंदोबस्त करा अशी मागणी होते, पिंजरे लागतात, एखादा बिबट्या पकडला जातो आणि त्याच्या मोकळ्या जागी दुसरा येतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यातले शेतकरी दिवसा वीज द्या म्हणतात, तेव्हा ते पिंजऱ्याहून अधिक शहाणपणाची गोष्ट सांगत असतात.

रात्र मोजताना घरात मागे राहिलेल्या बाईची रात्रही मोजली पाहिजे. नवरा किंवा मुलगा पाण्यावर गेला की तिची झोप कान उघडे ठेवूनच लागते. कुत्रे भुंकले, मोटरचा आवाज बंद पडला, की ती जागी होते. आणि पहाटे चूल, पाणी, धारा, मुलांचे डबे यांची सुरुवात तिच्यापासूनच होते. तिला दुपारच्या लिंबाची सावलीही नसते. ज्या घरी पुरुष नाही तेथे दारे धरायला तीच जाते. गळीत हंगामात ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांची स्थिती याहून वाईट. गाळप चोवीस तास चालते, म्हणून ट्रक मध्यरात्री फडावर येऊन उभा राहिला की तेव्हाच भरावा लागतो. साखरेच्या उताऱ्याचे दशांश टक्के कारखान्याच्या अहवालात छापले जातात. मोळ्या वाहणाऱ्याच्या झोपेची नोंद ठेवणारा रकाना कोणत्याच अहवालात नाही.

‘सवय होते’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते खरे असते तर हा लेखनप्रपंच करण्याचे कारण नव्हते. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकू शकते. रात्रीचा दिवस करायचा तर त्याला आठवडाभर तरी द्यावा लागतो, आणि तेवढ्यात पाळी उलटते. त्यातही कायम रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचे घड्याळसुद्धा बहुधा पुरते वळत नाही, कारण सकाळी घरी परतताना तोंडावर पडणारे ऊन त्याला पुन्हा मूळ जागी आणून ठेवते. घड्याळ मोडणाऱ्या रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये फेरविचार करून तेथेच ठेवले. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी असलेला रात्रपाळीचा संबंधही अनेक अभ्यासांत आढळला आहे. गिरणीतल्या किंवा कारखान्यातल्या कामगाराला निदान कामगार कायद्याचा आधार आहे. कामाच्या वेळांचे पत्रक दर्शनी भागी लावावे लागते, साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. शेतकरी स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. त्यामुळे त्याच्या रात्रपाळीला कोणताच कायदा लागू नाही आणि तिचा जबाबदार मालकही सापडत नाही. मोटेच्या काळात पहाटे मोट जुंपत, ऊन चढले की सोडत आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा जुंपत, कारण बैल थकत असे. बैलाच्या थकव्याला जी किंमत होती ती माणसाच्या थकव्याला राहिली नाही.

श्रमिकांच्या झोपेचा विचार करताना २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला चेन्नईतील एक प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. कमी उत्पन्नाची ही माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप जेमतेम साडेपाच तास होई. उकाडा, डास, गोंगाट यांनी ती पोखरलेली असे. संशोधकांनी त्यांची रात्रीची झोप साधारण अर्ध्या तासाने वाढवली, तर कामात फरक पडला नाही. पण दुपारी अर्ध्या तासाची शांत डुलकी घेऊ दिली, तेव्हा कामही सुधारले आणि मनही. तुटक झोपेचे तास वाढवून भागत नाही, तिला शांतता लागते, एवढे तरी यातून निघते. लिंबाखाली आडव्या झालेल्या शेतकऱ्याला चरकाने दिलेली मुभा उगीच नव्हती.

वीज कंपनीची बाजू ऐकून न घेता तिला दोषी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. सर्व पंप एकाच वेळी दिवसा चालू झाले तर रोहित्रे आणि वाहिन्या तो भार सोसणार नाहीत. शेतीची वीज सवलतीची, थकबाकी हजारो कोटींची, आणि रात्री औष्णिक केंद्रांतील वीज घ्यायला गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत रात्रीची वीज शेतीकडे वळवणे हा त्या काळी हिशेबी उपाय होता. पण तो काळ आता उरलेला नाही. सौर वीज जसजशी वाढते आहे तसतसे स्वस्त विजेचे तास रात्रीकडून दुपारकडे सरकत आहेत. घरगुती ग्राहकांनाही सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे धोरण २०२५ मध्ये राज्यात आले. उदंचन प्रकल्पांनीही दुपारच्या सौर विजेवर पाणी चढवावे, असा विचार आता सर्वत्र होतो आहे. म्हणजे ज्या कारणासाठी शेतकऱ्याची रात्र घेतली ते कारणच विरत चालले आहे. कारण गेले तरी पद्धत राहते, हा सरकारी कारभाराचा जुना गुण.

शासनाला हे उमगलेले नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली आणि तिचा आरंभ याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत झाला. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या वाहिनीजवळच सौर प्रकल्प उभारून तिला दिवसा वीज द्यायची, ही तिची मूळ कल्पना उत्तम आहे आणि जेथे असे प्रकल्प सुरू झाले तेथे रात्रीची पाळी सुटली आहे. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजनाही आली. सवलतीचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. पण ‘वीज किती रुपयांना’ या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात आणि ‘वीज किती वाजता’ हा प्रश्न उपविभागाच्या कार्यालयातील फळ्यावर सोडून दिला जातो, हे प्रमाण उलटे आहे. रात्री एकला फुकट मिळणाऱ्या विजेची किंमत कोणी तरी भरतोच.

वेळ ही शासनाने ठरवायची गोष्ट आहे आणि तिच्यावरून भांडणही करता येते, याची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने आपली स्थानिक वेळ, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली, १९५५ पर्यंत सोडली नाही. राजूरचा सूर्य आजही घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. हिवाळ्यात सकाळी सातला डोंगराआडच्या वाड्यांवर ऊन पोचलेले नसते. अलीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, आणि त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. झोप हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे, हे शासनाने त्या दिवशी कागदोपत्री मान्य केले. राजूरला आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेत अनेक आश्रमशाळा येतात. घरापासून दूर, एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या या मुलांच्या रात्रीची पाहणी त्याच न्यायाने व्हायला हवी. आणि लहान मुलाची सकाळ जपणाऱ्या शासनाला त्याच्या बापाची मध्यरात्र परकी वाटण्याचे कारण नाही.

पाटबंधारे खात्यालाही या चर्चेतून सुटता येणार नाही. प्रवरेच्या कालव्यांवर शेजपाळीने पाणी मिळते, आणि आवर्तन एकदा सुटले की ते रात्रंदिवस वाहते. ज्याचा क्रम रात्री दोनला येतो त्याला दोनला जावेच लागते. वाहते पाणी अडवून ठेवता येत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु शेततळ्यात किंवा साठवण हौदात रात्री पाणी घ्यायचे आणि दिवसा सोडायचे, हा मार्ग काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने अवलंबिला आहे. घाटघरला यंत्र जे करते तेच हे लहान प्रमाणावर आहे, फक्त जागते ते पाणी, माणूस नव्हे. ठिबकसाठी आणि तळ्यासाठी अनुदान देताना त्यातून किती रात्री वाचल्या, हा निकष लावायला काय हरकत आहे?

सर्व वाहिन्या सौर होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मँचेस्टरच्या मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले की उरलेली झोप इकडेतिकडे झाली तरी रोज एकाच वेळी चार तासांची झोप पक्की मिळाली तर शरीराचे घड्याळ भरकटत नाही. जहाज नांगराने जागेवर राहावे तशी ही झोप. मराठीत नांगर हा शब्द जहाजाचाही आहे आणि शेताचाही, तेव्हा ही कल्पना येथे परकी वाटू नये. शेतीच्या वाहिन्यांवर रात्री बारा ते चार हे चार तास वगळावेत. रात्रीची पाळी दहा ते बारा आणि पहाटे चार ते आठ अशी विभागावी. सायंकाळच्या कमाल मागणीला त्याचा धक्का लागत नाही. मिळणारे तास थोडे कमी होतील आणि मोटर दोनदा चालू करावी लागेल, हे कबूल; त्याबद्दल शेतकऱ्यांनाच विचारावे आणि आधी काही मोजक्या वाहिन्यांवर करून पाहावे. बिबट्याचा वावर नोंदवलेल्या शिवारांना यात पहिला क्रमांक मिळावा. त्या शिवारांच्या नोंदी वनखात्याकडे आहेत आणि वाहिन्यांचे नकाशे वीज कंपनीकडे आहेत. दोन्ही कागद एका टेबलावर येण्यासाठी अकोल्याच्या तहसील कचेरीत एक बैठक पुरेशी आहे, आणि ती रब्बीचे पाणी सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी.